आडवी पडलेली विळी

आमच्या घरात भाजी चिरणारी माणसं दोन आणि चिरून झाल्यावर धुणारा एक. तो एक मी. त्यामुळे पुढचा वाद मी तटस्थपणे सांगतोय असं कोणी समजू नये. ज्या यंत्राच्या झाकणाला आतून खाच असते आणि त्या खाचेत कोथिंबिरीची काडी अडकते, त्याच्याबद्दल माझं मत आधीच बिघडलेलं आहे.

वाद माझ्या आईचा आणि माझ्या मुलाचा. आई शहात्तर वर्षांची. पस्तीस वर्षं डोंबिवली ते व्हीटी ये-जा करून तिनं नोकरी केली. मुलगा सत्तावीसचा, तीन वर्षं ड्युसेलडॉर्फला असतो आणि एकटा राहायला लागल्यापासून स्वयंपाकात शिरला आहे. एवढं सांगितल्यावर कोणालाही वाटेल की आजी सुरीच्या बाजूनं बोलणार आणि नातू यंत्राच्या. आमच्याकडे उलटं झालं.

मे महिन्यात तो सुट्टीवर आला आणि बॅगेतून टॉवेलात गुंडाळलेली एक वस्तू काढून त्यानं ओट्यावर ठेवली.

"अगं बाई, केवढी ही सुरी! कुणाचा जीव घ्यायचाय?"

"वीस सेंटिमीटर आहे, आजी. झोलिंगेनची. माझ्या घरापासून अर्ध्या तासावर गाव आहे. कित्येक शतकं तिथे पातीच बनवतात. भलत्याच कुणी आपल्या मालावर झोलिंगेनचं नाव घालू नये म्हणून १९३८ साली कायदा केला त्यांनी."

"कायद्याचं राहू दे. कितीला पडली?"

"ऐंशी युरो."

आईनं मनातल्या मनात गुणाकार केला. पस्तीस वर्षं तिनं सरकारी कचेरीत हिशेब तपासले आहेत. "आठ हजार," ती म्हणाली. "माझा चॉपर अडीचशेला आला. दोरीसकट."

इथे आईच्या खालच्या खणाबद्दल सांगायला हवं. निवृत्त झाल्यापासून ती प्रदर्शनांना जाते. मंगल कार्यालयात भरतात ती. दाराशी पापड-लोणची, आत गाऊन आणि बेडशीट, आणि शेवटच्या कोपऱ्यात गळ्यात माइक अडकवलेला तो माणूस. त्याच्यापुढे गाजर, कोबी, काकडीचा ढीग. हात थांबत नाहीत, तोंड थांबत नाही. बघता बघता गाजराची फुलं होतात, काकडीच्या स्प्रिंगा होतात, आणि चार बायकांच्या हातात चार खोकी जातात. घरी आल्यावर त्याच यंत्रात आपलं गाजर अडकतं. मी यावर बराच विचार केला आहे. त्याचं गाजर सरळ आणि एका जाडीचं, निवडून आणलेलं असतं. पातं कोरं असतं. आणि मुख्य म्हणजे तो माणूस दिवसभर तेच करतो. एवढा हात बसलेला माणूस बोथट चाकूनंही फुलं काढेल. आपण विकत घेतो ते यंत्र. त्याचा हात काही खोक्यात भरून येत नाही.

तर त्या खणात दोरीचा चॉपर, सहा पात्यांची किसणी, बटाट्याच्या कांड्या पाडायची जाळी, सफरचंदाचे आठ भाग करणारं चाक, अंड्याच्या चकत्या करायचं तारांचं काहीतरी, पाच पात्यांची कोथिंबिरीची कात्री असं सगळं आहे. मोजून चौदा वस्तू. रोज लागतो तो चॉपर. वाडग्यासारखं प्लॅस्टिकचं भांडं, मधे दांड्यावर तीन पाती, वर झाकण, झाकणात दोरी. लॉनमोअरला द्यावा तसा हिसका द्यायचा.

मुलानं दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांसाठी आजीला कांदा करताना पाहिलं आणि त्याला राहवलं नाही.

"आजी, हा चिरत नाहीये. हा मारतोय."

"म्हणजे?"

"सुरीखाली कांदा जागेवर असतो आणि पातं त्यातून सरकत जातं. ह्यात फोडी मोकळ्या असतात. पातं येऊन धडकतं, फोड उडते, भिंतीवर आपटते, परत खाली येते. जी सारखी वाटेत येते तिचा लगदा होतो. जी वर झाकणाला चिकटते ती तशीच राहते. एका कांद्याचे तीन आकार. बारीक असतो तो करपतो, मोठा असतो तो कच्चा राहतो."

"माझ्या पोह्यांना आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही."

(मी पेपर वाचत होतो आणि वाचतच राहिलो. कांदा मधूनमधून कच्चा लागतो हे खरं आहे. पण पोहे मला आयते मिळतात.)

"आणि डोळ्यांतून पाणी येतं ना, तेसुद्धा बोथट पात्यामुळे जास्त येतं. कांद्याची पेशी फुटली की आतली विकरं मोकळी होतात, गंधकाच्या संयुगांवर काम करतात आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. त्यातलं शेवटचं विकर जपानी शास्त्रज्ञांनी २००२ साली शोधलं. त्याला २०१३ चं इग नोबेल मिळालं."

"नोबेल? कांद्याला?"

"इग नोबेल. आधी हसू येतं आणि मग डोकं खाजवावं लागतं, अशा संशोधनाला देतात. आणि २०२५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या लोकांनी छोट्या गिलोटिनखाली कांदे कापून बघितले. पातं बोथट असेल आणि जोरात कापलं, तर रसाचे थेंब जास्त उडतात आणि वेगानं उडतात. धार असेल आणि सावकाश कापलं तर कमी."

आईनं शांतपणे ऐकून घेतलं. "तुझ्या गिलोटिनला झाकण होतं का?"

"नव्हतं."

"माझ्या चॉपरला आहे."

"पण उघडतेस तेव्हा?"

"तेव्हा मी तोंड फिरवते."

पहिल्या दिवशी गुण आजीला गेले. पण पोरगं हार मानणाऱ्यातलं नाही. दुपारी त्यानं फ्लॉवर, गाजर, फरसबी असं सगळं घेऊन त्या लांब सुरीनं चिरायला सुरुवात केली. फळीखाली ओलं फडकं, म्हणजे फळी सरकत नाही. डाव्या हाताची बोटं आत वळवलेली, नखं मागे, आणि पात्याची सपाट बाजू बोटांच्या पेरांना घासत खाली-वर. गाजराचे तुकडे सगळे एकसारखे. बघायला छान वाटतं, हे मी मान्य करतो. तो म्हणाला, "आजी, ह्यात एक लय लागते. दिवसभर स्क्रीनपुढे बसल्यावर हे अर्धा तास केलं की डोकं शांत होतं. ध्यानासारखं आहे हे."

ध्यान हा शब्द त्यानं काढायला नको होता.

"किती जणांची भाजी चिरतोस तू?"

"एकट्याची."

"रोज?"

"आठवड्यातून तीनदा, चारदा. बाकी दिवस ब्रेड."

"मी सात माणसांची चिरली. दोन वेळची. सकाळची पहाटे उठून, आणि संध्याकाळची कुठे, माहितीये? गाडीत. व्हीटीला खिडकी मिळाली तर मिळाली. मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर डबा, हातात बोटभर सुरी. भायखळ्याला गवार काढायची ती कुर्ल्यापर्यंत मोडून व्हायची. मग भेंडी. ठाणं आलं की पिशवी बांधायची, कारण दिव्यानंतर उठून दाराशी जायला लागायचं. समोरची मेथी निवडायची, तिच्या शेजारची मटार सोलायची. डबा हलला की बोट कापायचं. पर्समध्ये पट्टी ठेवायचोच आम्ही. आता तुम्ही लेडीज डब्यातल्या त्या बायकांचे फोटो काढता आणि किती कौतुकानं बघता. मला त्यात कधी ध्यान लागलं नाही. झोप लागायची."

मुलगा काही बोलला नाही.

"आता स्टेशनबाहेर निवडलेल्या, चिरलेल्या भाजीच्या पिशव्या मिळतात. लोक म्हणतात, काय ह्या आजकालच्या बायका, भाजीसुद्धा चिरत नाहीत. माझ्या वेळी मिळत असत्या ना, तर मी घेतल्या असत्या आणि खिडकीतून बाहेर बघत बसले असते. पस्तीस वर्षं खिडकीशी बसले, पण खाडी मी धड पाहिलेली नाही."

तिचं म्हणणं मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. हौसेनं चिरणारा आणि चिरायलाच लागतं म्हणून चिरणारा यांच्या हातात तीच सुरी असली तरी ती एक वस्तू नसते. पुढे तिनं पाट्या-वरवंट्याचं उदाहरण काढलं. सुमीतचा मिक्सर १९६३ मध्ये आला. बाहेरच्या देशातली यंत्रं आपल्या वाटणापुढे दम टाकत होती, म्हणून सत्यप्रकाश माथुर नावाच्या अभियंत्यानं मुंबईत हा खास आपल्या स्वयंपाकासाठी बनवला. आमच्याकडे यायला १९७८ उजाडलं. "तुझे पणजोबा म्हणाले, चटणीला पाट्याची चव नाही. त्यांनी पाट्यावर आयुष्यात चिमूटभर जिरंसुद्धा वाटलं नव्हतं. तुझी पणजी काय म्हणाली? काही नाही म्हणाली. तिनं पाटा उचलून गॅलरीत ठेवला आणि वर तुळशीची कुंडी ठेवली."

"मिक्सरबद्दल माझं काही म्हणणंच नाही, आजी," मुलगा म्हणाला. "मिक्सर वाटतो आणि वाटतो असंच सांगतो. तुझा चॉपर वाटतो आणि चिरतो म्हणून सांगतो."

हे मात्र त्याचं बरोबर होतं, आणि आईलाही ते लागलं असावं, कारण संध्याकाळी भेंडी तिनं चॉपरमध्ये घातली नाही. एरवीही घालत नाही म्हणा. भेंडी धुवायची, फडक्यानं कोरडी ठक्क पुसायची आणि सुरीनं चकत्या करायच्या, ह्यात आमच्या घरी तडजोड नाही. चॉपरमध्ये भेंडीला मार बसतो, बुळबुळीत रस सुटतो आणि तव्यावर पडते ती भाजी नाही, डिंक. कोथिंबिरीचंही तेच. बोथट पात्यानं ती चिरली जात नाही, चुरगळते. तासाभरात कडा काळ्या पडतात.

खरी लढाई काकडीवर झाली.

मला खमंग काकडी हवी होती. मुलानं सहा पात्यांची किसणी पुढे केली, मुद्दाम, आजीला तिच्याच शस्त्रानं गाठायला. आईनं ती बाजूला सारली. "काकडी किसतात का कुठे? किसली की पाणी सुटतं, दाण्याच्या कुटाची पेज होते. चोचवायला लागते."

चोचवणं. काही घरांत कोचवणं म्हणतात. सोललेली काकडी डाव्या हातात उभी धरायची, वरून सुरीनं तिच्यात जवळजवळ उभे-आडवे घाव घालायचे, आणि मग वरचा थर पातळ कापून खाली पाडायचा. पुन्हा घाव, पुन्हा थर. पडतात ते तुकडे एकसारखे नसतात. काही बारीक, काही काडीसारखे, काही जरा जाडच. पण किसासारखे ते आतून फुटलेले नसतात. पाणी बेतानं सुटतं आणि दाताखाली काकडी लागते. तुकडे एकसारखे व्हावेत म्हणून आठ हजार घालवलेला माणूस हे बघत उभा होता.

"मला दे," तो म्हणाला आणि लांब सुरी घेऊन काकडीवर वार करू लागला. वीस सेंटिमीटरच्या पात्याला हातातल्या हातात हे काम जमत नाही. टोक मनगटापर्यंत येतं. आईनं ओढून घेतली आणि खणातून तिची ती बोटभर सुरी काढली. गाडीतलीच. मूठ झिजून बारीक झालेली, टोक जरा वाकडं. टक टक टक सुरू झालं. हात दिसत नव्हता एवढा वेग. अर्धी काकडी झाली आणि ती थांबली. सुरी ठेवली. उजव्या अंगठ्याचं बूड डाव्या हातानं दाबून धरलं.

"पुढची तू कर."

"काय झालं?"

"काही नाही. डॉक्टर म्हणालेत, अंगठ्याच्या बुडाशी सांधा झिजलाय. चिमटीत धरून जोर लावायची कामं कमी करा म्हणाले. आता चिमटीशिवाय बाईचं कुठलं काम होतं ते त्यांनाच माहीत."

मग तिनं नुसतंच चॉपरकडे बोट केलं. "ती दोरी मी चार बोटांत अडकवून ओढते. सगळा दंड ओढतो. अंगठ्याला सुट्टी."

मुलाला हे ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही पूर्ण ठाऊक नव्हतं, आणि मी एकाच घरात राहतो. तीन वर्षं मला वाटत होतं की आईला प्रदर्शनांचा नाद लागलाय. चौदातल्या नऊ-दहा वस्तू त्या नादाच्याच आहेत हे खरं. पण चॉपर त्यातला नव्हता.

तो जरा वेळानं म्हणाला, "धार चांगली असेल तर जोर लागत नाही, आजी. सुरीच्या वजनानंच काम होतं."

"जोर लागत नाही, पण धरायला तर लागते?"

यावर झोलिंगेनकडेही उत्तर नव्हतं. त्यानं बोटभर सुरी उचलली आणि उरलेली काकडी चोचवायला घेतली. पहिल्या दोन थरांचे ढलपे निघाले. आजीनं दुरून सूचना केल्या. शेवटी शेवटी बरी झाली. खमंग काकडीत ढलपे कळत होते, पण मी नाव ठेवलं नाही.

त्यानंतर वाद मावळला असं नाही. उलट आता दोघं एकमेकांना बारकावे विचारू लागले.

"तुझ्या जर्मनीत एवढा कोबी खातात म्हणे. तो काय ह्या सुरीनं कापतात?"

तो जरा घुटमळला. "सुरीनं नाही. आंबवायचा कोबी असतो ना, त्यासाठी लाकडाची लांब फळी असते. मधे तिरकी पाती बसवलेली. वर सरकतं खोकं, त्यात अर्धा गड्डा ठेवायचा आणि मागे-पुढे करायचा. क्राउटहोबेल म्हणतात. पिंप भरून कोबी करायचा असतो, सुरीनं कोण कापणार?"

"म्हणजे किसणीच की!"

"किसणीच."

"मग एवढे दोन दिवस माझं डोकं का खाल्लंस?"

त्या फळीचं वर्णन ऐकताना मला एक गोष्ट सुचली आणि मी पहिल्यांदाच तोंड घातलं. सुरीत भाजी स्थिर आणि पातं हलतं. चॉपरमध्ये पातं हलतं आणि भाजीही उडते, म्हणून सगळा गोंधळ. पण त्या जर्मन फळीत, आपल्या वेफरच्या किसणीत आणि हॉटेलवाले मँडोलिन म्हणतात त्यात पातं स्थिर असतं आणि भाजी हलते. अगदी विळीसारखं. विळी पाटात उभी रोवलेली, ही आडवी पडलेली. एवढाच फरक. विळीवर दोन्ही हात भाजीला धरायला मोकळे असतात, पाय पाट दाबून धरतो, आणि कोबीचा गड्डा पात्यावर ढकलला की रेशमासारखा चिरत जातो. लग्नघरच्या आचाऱ्यांकडच्या बायका पोतंभर कोबी असाच चिरायच्या. मालवणकडे हिला आडाळो म्हणतात, बंगाल्यांची बोंटी हीच. म्हणजे आईच्या खणातल्या चौदा वस्तूंपैकी निदान एक तरी आमच्या घराण्यातलीच निघाली, फक्त प्लॅस्टिकचे कपडे घालून आलेली.

"वेफर तर आम्ही आधीपासूनच किसणीवर करतो," आई म्हणाली. "दहा किलो बटाटे सुरीनं कापून कोण वाळवणं घालेल? आणि लोणच्याच्या कैऱ्या? बाजारात तो पाटावर बसवलेला मोठा अडकित्ता घेऊन बसतो ना, त्याच्याकडूनच फोडून आणतो. बाठा फोडायला तुझी झोलिंगेन घातलीस तर दात पडतील तिचे."

"पडतील," त्यानं कबूल केलं. "हे पातं कडक पोलादाचं आहे, हाडावर आणि बाठ्यावर नाही चालवायचं. पण आजी, मँडोलिनला वर धरायला पकड असते. ती सगळे आधी फेकून देतात आणि मग बोट जातं."

माझंच गेलं होतं. चार वर्षांपूर्वी, वेफर करताना. शेवटचा बटाटा संपत आला तरी किसणीवर हात तसाच चालत राहिला. अंगठ्याचा शेंडा आजही जरा सपाट आहे. पकड खोक्यातच होती.

आता धारेबद्दल. ह्या विषयावर मात्र माझं मत नातवाच्या बाजूनं आहे, आणि तो सुट्टीभर हेच सांगत होता. आपल्या घरांत सुऱ्या वाईट नसतात, बोथट असतात. त्याचं एक कारण ओटा. कडाप्प्यावर किंवा ग्रॅनाईटवर सरळ टोमॅटो ठेवून कापायचा, ही आपली सवय. दगडावर पातं आपटलं की धार दुमडते. काचेची सुंदर फळी असते तिचंही तेच. लाकूड किंवा साधं प्लॅस्टिक बरं. मग धार गेली की आपण जोर लावतो, जोर लावला की सुरी घसरते, आणि घसरली की बोट. धारदार सुरीपेक्षा बोथट सुरी जास्त कापते ती अशी. मग आपण म्हणतो सुरीनं काही होत नाही, आणि प्रदर्शनाला जातो.

मुलानं बॅगेतून धारेचा दगड काढला, एका अंगाला १००० चा खरखरीतपणा आणि दुसऱ्याला ३००० चा. पाण्यात भिजवून त्यावर पातं पंधरा अंशांच्या कोनात सरकवायचं. जर्मन पात्यांना पूर्वी वीस अंश ठेवत, जपान्यांनी कमी केला, म्हणे. आई बघत होती. मग तिनं एक जुना चिनीमातीचा कप उलटा केला. बुडाशी जी गोल कडा असते ना, ज्यावर चकाकी नसते, तिच्यावर तिनं बोटभर सुरी चार वेळा ह्या बाजूनं, चार वेळा त्या बाजूनं ओढली आणि टोमॅटोवर ठेवली. साल फाटली नाही, उघडली.

"हे कुठे शिकलीस?"

"ऑफिसात. टेबलावर कप असायचाच."

शनिवारी आमच्या गल्लीत धारवाला येतो. सायकल स्टँडवर लावतो, पायडल मारतो, चाक फिरतं आणि ठिणग्या उडतात. त्यानं खालून हाक दिल्यावर मुलगा झोलिंगेन घेऊन आतल्या खोलीत गेला. कोरड्या चाकावर पातं तापतं आणि त्याचं पाणी उतरतं, असं त्याचं म्हणणं. ते खरं आहे. पण आईनं त्याच वेळी मला माळ्यावर चढवलं आणि विळी काढायला सांगितली.

तिच्या सासूबाईंची ती. सागवानी पाट, टोकाला खवणी, पातं गंजून तपकिरी. धारवाल्यानं ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, आता अशी लोखंडाची मिळत नाहीत. पन्नास रुपये घेतले. वर आणली तेव्हा पात्याची कड चांदीच्या तारेसारखी झाली होती.

आता मला धुणाऱ्याच्या नात्यानं दोन शब्द बोलायचे आहेत, कारण ह्या वादात ते कोणीच बोललं नाही. सुरी धुवायला मला दहा सेकंद लागतात. चॉपरच्या भांड्याला आणि दांड्याला दोन मिनिटं, शिवाय झाकण पाण्यात बुडवायचं नाही, नाहीतर दोरीच्या चकतीत पाणी जातं आणि वास मारतो. सहा पात्यांच्या किसणीतलं प्रत्येक पातं सुटं निघतं आणि त्यातलं एक नेहमी सिंकच्या जाळीत जाऊन बसतं. एक कांदा कापायला यंत्र काढू नये. दोन किलो कांदा असेल तर जरूर काढावं. एवढाच माझा नियम आहे, आणि घरात तो कोणी पाळत नाही.

मुलगा जाण्याच्या आदल्या रविवारी आम्ही खालचा खण रिकामा केला. आईनं प्रत्येक वस्तू हातात घेतली, नातवानं खटला चालवला. चॉपर राहिला. वेफरची किसणी राहिली, पकडीसकट. सालं काढायचं सोलाणं राहिलं. बोटभर सुरीबद्दल प्रश्नच नव्हता. सफरचंदाचं चाक, अंड्याच्या तारा, पाच पात्यांची कात्री आणि बाकीचं सगळं पिशवीत भरून भंगारवाल्यासाठी दाराशी ठेवलं. झोलिंगेन तो इथेच ठेवून गेला. कोबी, लाल भोपळा, कलिंगड मी तिनं कापतो. सुरणाला हात लावायची अजून हिंमत झालेली नाही.

विळीचं काय करायचं ते ठरलेलं नाही. आईला गुडघ्यांमुळे मांडी घालून बसता येत नाही, आणि पाट एवढा लांब आहे की ओट्यावर ठेवला तर गॅसला लागतो. सुताराला दाखवली. तो म्हणाला, पाट चार इंच कापायला लागेल. आई अजून हो म्हणालेली नाही.